परवाचा ट्रक

सरला वर्तक दुधाच्या कार्टनवरची तारीख वाचायची, आणि वाचून झाल्यावर कार्टन नाकाला लावून हुंगायचीसुद्धा. तारखेचं काय, छापणारा काहीही छापेल. सुपरमार्केटच्या आपोआप उघडणाऱ्या दारापुढे ती अजूनही जराशी थबकायची, कारण आपोआप उघडणारी वस्तू आपोआप मिटणार नाही याची हमी कोण देणार? विस्कॉन्सिनमधल्या हॅलरटन गावी येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. नवरा प्रताप तिथल्या पेपर मिलमध्ये इंजिनिअर होता, नऊ वर्षांची उत्तरा तिथेच जन्मली होती, शेजारपाजारही चांगला होता. पण मिरजेहून निघताना बरोबर आणलेला संशय काही कमी झाला नव्हता.

आता संशयी माणसाची एक गंमत असते. तो चुकला की लोक हसतात आणि बरोबर निघाला की लोक त्याच्यावरच चिडतात. सरलाने दोन्ही भोगलं होतं. पण चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात जे झालं ते या दोन्हींतलं नव्हतं, आणि तेच तर सांगायचंय.

त्या वर्षी गावात एक हॉकी टीम आली. आपली मैदानातली हॉकी नव्हे, बर्फावरची. टीम ज्युनिअर, म्हणजे सोळा ते वीस वयाची पोरं. आईबापांपासून शेकडो मैलांवर येऊन खेळायचं आणि कुठल्या कॉलेजचा माणूस आपल्याला बघतोय का याची वाट बघायची. ही टीम मूळची मिशिगनमधल्या एका खाणीच्या गावची, तिथे तिचं नाव आयर्न किंग्ज. खाण बंद पडली, खेळ बघायला कुणी फिरकेना, तेव्हा मालकाने टीम उचलली आणि इलिनॉयला नेली. नदीकाठचं गाव म्हणून तिथे झाली रिव्हर किंग्ज. तिथेही बस्तान बसेना, म्हणून मग हॅलरटनला आली ती पेपर किंग्ज होऊन. राजे तेच, राज्य तेवढं बदलत होतं.

मालकाचं नाव विन्स डोरन. उंच, लालबुंद, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारा. खांद्यावर हात ठेवणाऱ्या माणसांबद्दल सरलाचं मत आधीपासूनच वाईट होतं. तर या डोरनने मिलच्या कँटीनमध्ये येऊन भाषण केलं, की पोरांना राहायला घरं हवीत, कोण ठेवून घेतंय? आणि आमच्या प्रतापरावांनी हात वर केला.

"मला विचारलंत?" संध्याकाळी सरला म्हणाली.

"अगं, माझे वडील पुण्यात वारावर जेवून शिकले. लोकांनी एकेक वार जेवायला घातलं म्हणून मी आज इथे उभा आहे. एक पोरगं ठेवून घेतलं तर काय बिघडलं?"

"ते जेवून आपल्या खोलीवर जायचे. हा इथेच झोपणार."

पण शब्द गेला होता. सप्टेंबरात टॉड लिंडक्विस्ट नावाचा सतरा वर्षांचा मुलगा दारात उभा राहिला. मिनेसोटाच्या अगदी उत्तरेकडचा, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा, आणि बोलायला पैसे पडत असावेत इतका गप्प. त्याच्या खेळाच्या बॅगेला असा काही वास होता की सरलाने ती गॅरेजमध्ये ठेवायला लावली आणि मग वास कपड्यांचाच आहे ना, याचीही खात्री करून घेतली. बांगड्यांच्या कपाटाला कुलूप लागलं. ब्रेड भराभर संपायला लागला तेव्हा तिला वाटलं, हा नक्की मित्रांना वाटतोय. एकदा पाळत ठेवून पाहिलं, तर साहेब फ्रिजचं दार उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी काढत, ब्रेडच्या स्लाइसला लिंबाचं लोणचं फासून खात होते. त्या दिवशी कपाटाचं कुलूप निघालं. महाराष्ट्र मंडळातली मुलं तिला काकू म्हणायची, ते ऐकून हाही काकू म्हणायला लागला, शेवटचा ऊकार चांगला लांबवून. उत्तराची त्याने उटी करून टाकली.

त्याची आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करायची. ऑक्टोबरात तिचा फोन आला. "हॉकीचं काय व्हायचं ते होवो," ती म्हणाली, "पण त्याला हायस्कूल पूर्ण करायला लावा. जूनमध्ये होईल. आमच्या घरात अजून कुणी केलेलं नाही."

"आय विल सी," सरला म्हणाली. 'मी बघते' हे तिने उचलून तसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं होतं. पलीकडच्या बाईला त्यातलं किती पोचलं देव जाणे. पण आपल्यात बाईमाणूस 'मी बघते' म्हणालं की विषय संपतो, आणि सरलाच्या लेखी तो संपला होता. जूनपर्यंत हे पोर आपलं. शाळा पूर्ण करून त्याच्या आईच्या हवाली करायचं.

आणि नेमका तिथेच तिचा संशय जागा झाला. टॉडची जर्सी धुताना तिला दिसलं, की छातीवरच्या 'पेपर' या अक्षरांखाली सुईची जुनी भोकं आहेत. एक नाही, दोन नावांची. ते एक वेळ ठीक. पण नवं नाव होतं नुसत्या धावदोऱ्याने टाचलेलं. म्हणजे एक टोक ओढलं की सगळं बाहेर. ज्याला राहायचं असतं तो बखिया घालतो, तिने प्रतापला सांगितलं. हा माणूस जाणार.

"तुला जिकडेतिकडे चोर दिसतात," प्रताप म्हणाला.

"दिसतात, कारण असतात."

मग तिने डोरनवर नजरच ठेवली. त्याच्या गाडीला अजून इलिनॉयची नंबरप्लेट होती. मेपल स्ट्रीटवरच्या त्याच्या भाड्याच्या घराला पडदे नव्हते, खिडक्यांना चादरी अडकवलेल्या होत्या. बायको 'लवकरच येणार' होती ती येतच नव्हती. रिंकवर, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानावर, गर्दी रोडावत होती. सुरुवातीला हौसेने येणारे मिलचे लोक आता घरी टीव्हीवर फुटबॉल बघत बसायचे. सरलाला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रिकाम्या खुर्च्या कळत होत्या.

अफवा उठल्याच. ख्रिसमसच्या आधी डोरनने मुलं ठेवून घेणाऱ्या घरांना शाळेच्या कॅफेटेरियात बोलावलं. छातीवर हात ठेवून सांगितलं, की ही टीम कुठेही जात नाही, उलट जानेवारीत शिकागोहून ट्रकने नवा स्कोअरबोर्ड येतोय. कुणाला काही विचारायचंय? सरला साडीवरचा कोट सावरत उभी राहिली.

"मिस्टर डोरन, तुमच्या घराला पडदे का नाहीत?"

सगळा कॅफेटेरिया हसला. प्रतापने मान खाली घातली. डोरनही हसला, मग चालत तिच्यापाशी आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "माझी बायको फार चोखंदळ आहे," तो म्हणाला. त्यानंतर गावात तिला बघून लोक पडद्यांची चौकशी करायला लागले. तिला राग आला, पण रागापेक्षा काळजी जास्त होती. टीम मधेच हलली तर टॉड तिच्याबरोबर जाणार आणि शाळा बोंबलणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

म्हणून तिने गुपचूप तयारी केली. शाळेत जाऊन विचारून आली: आईची संमती असेल तर मुलगा आमच्याकडे राहून जूनपर्यंत शिकू शकतो का? शकतो, असं उत्तर मिळालं. त्याच्या आईलाही फोनवर पटवलं. वेळ आली तर बसच्या दारात आडवं उभं राहायचं, इथवर तिचं ठरलं होतं.

फक्त टॉडला तिने काही सांगितलं नाही. प्रतापला कारण दिलं, की तो कोचपाशी बोलून बसेल आणि कोच त्याला खेळवायचा नाही. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं: तिला धीर होत नव्हता. आपण 'थांब' म्हणायचं आणि तो 'नको' म्हणाला तर? टीम म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि आपण कोण? वेळ येईल तेव्हा बघू, असं म्हणत ती दिवस ढकलत राहिली. दुसऱ्याचा एवढा संशय घेणारी बाई, तिला आपल्याला जीव लावणाऱ्याबद्दलसुद्धा खात्री वाटत नव्हती.

आणि मग तो जानेवारीतला गुरुवार आला.

घरात एक नियम होता. उत्तराने मराठीत बोलायचं. इंग्रजीत बोललं की सरलाला ऐकू येत नसे. पोरगी बिचारी जमेल तसं बोलायची: नामं असायची, हातवारे भरपूर असायचे, क्रियापदं मात्र बहुतेक वेळा गळालेली. 'आई, मला भूक. पोळी. तूप.' एवढ्यावर काम भागायचं, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नव्हतं.

सरला संक्रांतीच्या वड्या थापत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिकागोजवळ नेपरव्हिलला, मैत्रीण सुनेत्राकडे हळदीकुंकवाला निघायचं होतं, शनिवार-रविवार तिथेच मुक्काम. उत्तरा बूटही न काढता बाहेरून आत आली. "मॉम, टॉड सेज..."

"मला ऐकू येत नाही. आणि बूट."

उत्तराने सुस्कारा सोडला. बूट काढले. आता मनातल्या मनात मराठी जुळवायला तिला वेळ लागला. "आई. टॉड म्हणतो. परवा मोठा ट्रक. रिंकवर." दोन्ही हात फाकून तिने ट्रक किती मोठा ते दाखवलं. "सगळं... टीमचं सामान."

सरलाचा हात थांबला. परवा म्हणजे मंगळवारी. मंगळवारी बाजारातून येताना एक भलामोठा ट्रक रिंकच्या रस्त्याला वळताना तिने स्वतः पाहिला होता, आणि पाहून मनात शंभर शंका आल्या होत्या. तर तो स्कोअरबोर्ड होता! आणि नुसता स्कोअरबोर्ड नाही, आणखीही सामान आलं म्हणते पोरगी. म्हणजे डोरन खरं बोलत होता. म्हणजे टॉड जूनपर्यंत इथेच.

इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "आलं? बरं झालं बाई," ती म्हणाली. "सुटले एकदाची."

"बरं?" उत्तराने विचारलं.

"बरं म्हणजे काय, फारच छान झालं. जा, सांग टॉडला, आई म्हणाली फार छान झालं." आणि तिने पोरीच्या हातावर दोन वड्या ठेवल्या, एक त्याच्यासाठी. उत्तरा पुन्हा बूट चढवून गॅरेजकडे गेली, जिथे टॉड आपल्या बॅगेपाशी बसला होता.

शुक्रवारी सकाळी सरलाने त्याला पोटभर उपमा घातला. दोन दिवसांचं जेवण डबे भरून फ्रिजमध्ये लावलं आणि कुठल्या डब्यात काय ते बोटाने दाखवलं. ती गुणगुणत होती. शाळेला निघताना तो दाराशी उगाच रेंगाळला. टोपी हातात फिरवत उभा.

"काकू," तो म्हणाला, "सो यू आर ओके विथ इट?"

ती समजली, दोन दिवस एकटा राहण्याबद्दल विचारतोय. "व्हाय नॉट ओके?" ती म्हणाली. "यू आर बिग बॉय नाऊ. आय ॲम नॉट वरीड ॲट ऑल."

त्याने मान हलवली. मग वाकून त्याने तिला मिठी मारली. आजवर त्याने असं कधी केलं नव्हतं. सरला अवघडली, त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं, आणि तो गेल्यावर तिच्या मनात पहिली शंका आली ती ही, की याने काहीतरी फोडलंय. तिने काचेची भांडी तपासली. टीव्ही लावून पाहिला. सगळं जागच्या जागी होतं.

नेपरव्हिलला तिने हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना टॉडच्या लोणच्याची गोष्ट सांगून हसवलं. आणि वर स्वतःहून कबूल केलं, की टीम जाणार म्हणून मी गाव डोक्यावर घेतलं होतं, ते सगळं खोटं निघालं. "सरला चुकले म्हणतेय, तारीख लिहून ठेवा गं," सुनेत्रा म्हणाली. सरलाही मनापासून हसली.

रविवारी संध्याकाळी गावात शिरताना रिंकच्या दाराला साखळदंड दिसला. दारावरची पाटी उतरवलेली होती. प्रतापने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. घरी आले तर टॉडच्या खोलीतला पलंग नीट आवरलेला, कपाट रिकामं. फ्रिजमधले डबे न उघडलेले. शेजारची डॉरथी कोट पांघरून आली आणि तिने सांगितलं: शनिवारी सकाळी ट्रक आला, त्यात सगळं भरलं, स्केटना धार लावायचं मशीनसुद्धा. मागोमाग बसमध्ये पोरं. आयोवात कुठेतरी नेली म्हणे. कुणालाही पत्ता नव्हता. "तू सांगत होतीस, सरला," डॉरथी म्हणाली. "आम्ही हसलो."

दोन-तीन दिवस गाव हेच म्हणत होतं. पडद्यांवरून चिडवणारे लोक दुकानात थांबून माफी मागत होते. सरलाला त्यातलं काहीच गोड लागलं नाही. तिचा सगळा राग आता टॉडवर होता. याला माहीत होतं! गुरुवारी माहीत होतं, म्हणूनच ट्रकबिकची खोटी गोष्ट पोरीच्या तोंडी घालून आपल्याला गाफील ठेवलं. म्हणूनच ती मिठी. किती महिने खाऊपिऊ घातलं, आणि पोराने डोळ्यांत धूळ फेकली. डोरन परका होता, त्याचं सोडा. याने असं करावं?

"अगं, विचार तरी त्याला," प्रताप म्हणाला. त्याच्या आईकडून मोटेलचा नंबर मिळाला, तो प्रतापनेच फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "तू मला सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं.

तो म्हणाला, "सांगितलं की. उटीबरोबर सांगितलं. शनिवारी ट्रक येतोय म्हणून."

"शनिवारी?"

"हो. डे आफ्टर टुमारो. मला स्वतः विचारायला... मला वाटलं, आधी तुम्ही काय म्हणता ते बघावं. तुम्ही थांब म्हणाला असतात तर मी थांबणार होतो. शाळेसाठी. पण उटी आली आणि म्हणाली, मॉम सेज इट्स गुड. इट्स व्हेरी गुड. मी शुक्रवारी तुम्हाला परत विचारलं ना. तुम्ही म्हणालात, काळजी नाही."

सरला खुर्चीत बसली. परवा. मागचा तोही परवा, पुढचा तोही परवा. आपल्या भाषेत दोघांना एकच शब्द. कुठला ते क्रियापदावरून कळायचं, आणि उत्तराच्या वाक्यात क्रियापद नव्हतं. सगळ्या जगाचा संशय घेत आली ही बाई. एका शब्दाचा संशय घ्यायचा राहिला होता, आणि तो तिच्याच भाषेतला होता.

"मी तसं म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. तिचं इंग्रजी लटपटत होतं. "ऐक. तू ये. आम्ही गाडी घेऊन निघतो, उद्या पोचतो. तुझी खोली आहे. शाळेत मी सगळं विचारून ठेवलंय."

"काकू," तो म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात, जणू तीच लहान होती. "आता नाही जमणार. कोचने मला पहिल्या फळीत घेतलंय. मी हो म्हणून बसलो. शाळेचं पुढच्या वर्षी बघू म्हणतोय तो." मग घाईने, "इट्स ओके. रिअली. मला वाईट नाही वाटलं."

वाईट नाही वाटलं म्हणाला, म्हणजे किती वाटलं ते तिला कळलं. पुढच्या वर्षी ही शाळा काही व्हायची नाही, हेही कळलं, आणि झालीही नाही. तो परत येत नाही, हे त्याच्या आईला तिनेच दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. 'मी बघते' म्हणाले आणि मला बघता आलं नाही, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते तिला आलं नाही, म्हणून ती नुसतं सॉरी म्हणत राहिली. ती बाई बिचारी तिचंच सांत्वन करत होती.

टॉडशी बोलून फोन ठेवला तेव्हा उत्तरा जिन्यावर बसलेली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे. अलीकडची बाजू तिने ऐकलीच असणार.

"आई," ती म्हणाली, "मी चूक बोलली? ट्रकचं?"

सरलाने तिच्याकडे पाहिलं. चूक कुणाची हे शोधून काढल्याशिवाय ही बाई आजवर कधी जेवली नव्हती, आणि आज ती हातात सापडली होती, नऊ वर्षांची, मोजे घातलेली, हुंदका आवरत बसलेली.

"नाही गं," ती म्हणाली. "तू अगदी बरोबर बोललीस. मला सगळं कळलं होतं. मीच त्याला जा म्हटलं."

उत्तराचा चेहरा आधी सैल पडला आणि मग हळूहळू लाल झाला. "का?" तिने विचारलं. "खूप खायचा," सरला तोंडाला येईल ते बोलून गेली.

उत्तरा उठून वर गेली आणि तिने दार आपटून लावलं. पुढे कितीतरी दिवस ती आईशी धड बोलली नाही, मोठी झाल्यावरही ही गोष्ट तिने आईला मधूनमधून ऐकवली. सरला दर वेळी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, हो, माझंच चुकलं.